आठवा

पहाटे साडेतीन. हत्त्याच्या धरणाखाली, पार्किंगमध्ये,
गाडीच्या डिकीत बसून मी शीर शोधतोय.
डाव्या कोपरातली, जुनी, भरवशाची.
तिला मी मनात सखूबाई म्हणतो,
कितीही टोचलं तरी रुसत नाही.

दोन बाटल्या. एकीत पाणी, एकीत पांढरी पूड.
जोरात हलवायची नाही, फेस होतो;
तळहातांत घोळवायची,
लाडू वळताना हात हलका होतो तशी.

रक्त थांबवायला म्हणे एकामागून एक उठतात सगळे,
पहिला, दुसरा, नववा, दहावा.
माझा आठवा जन्मापासून गैरहजर.
त्याच्या जागी हा, शीतपेटीतून आलेला,
माझ्यासारखाच व्हिसावर. कंत्राटी.
बारा तासांत अर्धा परत जातो.

डॉक्टर आईला म्हणाले होते, याच्यात आठवा नाहीये.
मी सहा वर्षांचा. मला वाटलं
स्मरणशक्तीबद्दल बोलतायत,
आणि घाबरून पाढे घोकायला लागलो. तिसापर्यंत.
अजून येतात.

बार्शीला आईनं माझ्या सगळ्या पँटींच्या गुडघ्यांना
आतून फोम शिवला होता, गादीवाल्याकडचा.
चुलतभावाच्या सायकलला तेल घालायची मुभा होती,
पुसायची, घंटी वाजवायची,
आणि स्टँडवर लावून पायडल मारायची.
एका मे महिन्यात मी असा
काश्मीरला जाऊन आलो.

फॉर्मवर विचारलं होतं, काही आजार?
दोन इंच जागा. मी सगळं लिहिलं, समासातसुद्धा.
खलफाननं चष्मा वर करून वाचलं.
या डोंगरांत त्याच्या आजोबांनी शेळ्या राखल्या,
तो आता सायकली राखतो.
पडलास तर? म्हणाला.
म्हटलं, न पडताही होतं. झालं तर थांबेन.
त्यानं नंबर दिला, दोनशे अठरा,
आणि मनगटाला लाल पट्टी स्वतः बांधली.

मग उजाडलं.
जळक्या भाकरीच्या रंगाचे डोंगर, खाली कोरडी वाडी,
तिच्यात कण्हेर, कुणी न लावलेली.
चढावर मी एकोणतिसाचा पाढा म्हणतो,
उतारावर काहीच नाही, उतारावर फक्त ब्रेक.
खडी टायरखालून बंदुकीसारखी सुटते.
माझ्यापुढचा एक जण पडला, उठला,
कोपर चाटून हसत गेला.
मी त्याच्या त्या चाटण्याकडे
किती वेळ बघत राहिलो.

एक्कावन्नाव्या किलोमीटरला गुडघ्यात काहीतरी कोमट झालं.
दुखत नाही. दुखण्याच्या आधीचं.
बंद घरात कुणीतरी दिवा लावावा
आणि रस्त्यावरून आपल्याला कळावं.
चाळीस वर्षांत मी हेच एक शिकलो, हा दिवा ओळखायला.
पाय म्हणत होते, चल.
पायांना काय कळतं.

छप्पन्नला पाण्याचा तंबू.
मॅरिव्हिक, देइऱ्यातल्या औषधाच्या दुकानात रात्रपाळी करून
थेट इथे केळी सोलायला आलेली,
तिनं काही विचारलं नाही.
माझ्या हातावर उन्हाची टोपी धरली, सुई जाईपर्यंत.
सखूबाईनं दुसऱ्यांदाही दार उघडलं.

अठ्ठावीस दुणे छप्पन्न.
अठ्ठावीस त्रिक राहिलं.

खलफानचा पिकअप आला. थांबलास?
म्हटलं, बोललो होतो.
सायकल मागे आडवी टाकली. गाडी वेगात आली
तसं पुढचं चाक वाऱ्यानं आपोआप फिरायला लागलं,
स्टँडवरच्यासारखं. आरशात बराच वेळ दिसत होतं.

आईचा फोन. तिला सांगितलंय, कंपनीची सहल आहे.
कशी चाललीय? मस्त, म्हणालो,
गाडीतून डोंगर दाखवतायत.
ऊन लागू देऊ नकोस.
नाही.

गुडघ्यावर बर्फाची पिशवी. ती फुटलीय कुठेतरी,
सीटवर ओघळ येतोय, थांबत नाहीये,
मी रुमालानं दाबून धरतो सवयीनं.
खलफान रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो,
असू दे. पाणीच आहे.