हालचालीमुळे बाद

कार्डिफला मंगळवारी सकाळी यंत्र मोकळं असतं.
एलुनेड प्रिचर्ड, वय एकेचाळीस.
पूर्वी पोहायला शिकवायची,
आता आंघोळीला गेली तरी
दाराची कडी लावायची मुभा नाही.

अंगठी, कानातले, केसांतला आकडा
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बापाच्या मांडीवर.
अंगावर धातू नको, हे मी दिवसातून दहादा सांगते.
पण हिच्या डोक्यातच दोन तारा आहेत,
कवटीतून उतरून थेट माजघरापर्यंत गेलेल्या,
आणि गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी बॅटरी,
कातडीवरून बोटाला लागते.
पाच औषधं झाली. पाचही हरली.
पाचव्याने तर नुसते केस नेले.

माझं काम साधं:
तीस सेकंद तारांतून वीज,
तीस सेकंद नाही.
पुन्हा वीज. पुन्हा नाही.
मेंदूत कोण जागं होतं, कोण गप्प बसतं, ते टिपायचं.
यंत्र ठोकत राहतं,
अख्ख्या तांबट आळीने एकाच वेळी
हंडे ठोकायला घ्यावेत तसं.

'काय दिसतंय?' आतून तिचा आवाज.
'राखाडी,' मी म्हणते, आणि ते खोटं नाही.
रंग नंतर भरतात, वरच्या मजल्यावर, आकडेमोड करून.
तिथे तिचं नावही पोचत नाही.
तिथे ती सात नंबर.

एका 'नाही'च्या बाविसाव्या सेकंदाला
पडद्यावरचा मेंदू पुसला गेला,
ओल्या पाटीवरून कुणी बाही फिरवावी तसा.
यंत्र थांबवलं. टेबल बाहेर ओढलं. तिला कुशीवर वळवलं.
घड्याळ लावलं.
आणि कुठूनसा
माझ्या नाकात कांद्याचा वास आला.

कराडला, आठवीच्या वर्गात,
शरयू बाकावरून घसरली तेव्हा
बाईंनी मला कांदा फोडून आणायला पिटाळलं होतं.
मी येईपर्यंत शिपायाने पायातली वहाण काढून
तिच्या नाकाशी धरलेली.
फिट थांबली. सगळे म्हणाले, वहाणेने थांबली.
ती बहुतेकदा आपली आपणच थांबते, हे कळायला
मला दोन देश आणि एक पदवी लागली.
शरयू पुन्हा शाळेत आली नाही.
मी फोडलेला कांदा
कुणाच्या डब्यात गेला, आठवत नाही.

एक मिनिट पन्नास.
एलुनेडचे डोळे परत आले.
आधी नुसते डोळे, मग बऱ्याच वेळाने
डोळ्यांत ती.
ओठाच्या कडेला रक्त. पहिला शब्द वेल्श, मला न कळलेला.
दुसरा: 'चित्र आलं?'
नाही.
'मग पुन्हा घ्या.'
आज नाही, डॉक्टर म्हणाले.
तिने एक सणसणीत शिवी दिली. ती मात्र कळली.

नियमाप्रमाणे मी फाईलपुढे लिहिलं:
हालचालीमुळे बाद.
सरासरीत ते बसत नाही.
ज्याच्यासाठी एवढी मांडामांड,
तो आला, आणि आल्या आल्या
त्याने चित्रच हलवलं.
फाईल मी पुसली नाही.
का नाही, विचारलं तर सांगता येणार नाही.

जूनमध्ये ती परत आली, वही घेऊन.
मार्चात अकरा. एप्रिलात नऊ. मेमध्ये चार.
आणि एक पान कोरं.
'त्या दिवशी काही झालं नाही,' म्हणाली,
'किंवा झालं, आणि मला ठाऊक नाही.'
बाप खिडकीकडे बघत बोलला,
'मी त्या दिवशी घरी नव्हतो.'

मी पिशवी पुढे केली.
अंगठी निघेना. साबण लावून, पिरगाळून
तिने ती एकटीने काढली,
आडवी झाली,
डोकं साच्यात नीट बसवलं.
'आणि हे बघ,' म्हणाली,
'या वेळी सुरुवात "नाही"पासून कर.'