शीट नंबर चारशे सतरा

साताऱ्याच्या कॉलेजात, हर्बेरियममध्ये, एकतीस वर्षं
मी डांबरगोळ्या बदलल्या,
कपाटांच्या फटींना मेण लावलं.
वनस्पतींची लॅटिन नावं पाठ झाली,
स्तोत्रं होतात तशी, अर्थ न विचारता.

चारशे सतरा नंबर कुठल्याच रजिस्टरात नाही.
तीन किरकोळ देठ, दोऱ्याने शिवलेले.
फुलांची निळाई कधीच उडाली,
चहा सांडून वाळला की राहतो
तेवढाच रंग आता.
खाली टाकाचं इंग्रजी, तिरकं, घाईचं:
साताऱ्याच्या पश्चिमेचा सडा, सप्टेंबर १८२७.

कोणी फॅन्शॉ म्हणून पलटणीचा डॉक्टर.
दुपारी हिवतापाच्या शिपायांना सिंकोनाची साल,
सकाळी भिंग घेऊन जांभ्यावर पालथा.
लोक म्हणत असतील, साहेबाचं काहीतरी हरवलंय.

लिहिलंय त्याने:
जमिनीखाली फुगे. खसखशीहून बारीक.
तरंगायला उपयोगी पडत असावेत.
एकात किड्याचा पाय दिसला.
चुकून शिरला असेल.

आणि त्याच कागदावर, त्याच शाईने,
कोपऱ्यात आडव्या दोन ओळी.
खोडलेल्या,
इतक्या जोरात की कागद फाटायचा राहिलाय.

इंग्रजीच्या वडगावकर मॅडमनी शीट खिडकीशी धरलं.
म्हणाल्या, यमक बरं आहे.
तेव्हा सगळेच लिहायचे हो,
डॉक्टर, पाद्री, ढगांना नावं ठेवणारे,
नवे वायू स्वतःच हुंगून बघणारे.
प्रयोगशाळेचं दार कवितेला बंद नव्हतं अजून,
नुसतं लोटलेलं होतं.

ते असू दे, मी म्हटलं, ओळी काय आहेत?

'हे कसलं रडणं,
ज्यात पडलेलं काहीच परत निघत नाही.'

कागदाच्या पाठीवर मोडी.
पोवई नाक्याच्या करंबेळकरांनी चष्मा दोनदा पुसून लावून दिली:
'फुलाचे नाव पुसिले. हैबती हमालाचे बायकोने
सीतेची आसवे म्हणोन सांगितले.
साहेब बहुत वेळ बोलिले नाहीत.
कवन केले. खोडिले. फूल ठेविले.'

पुढे पन्नासेक वर्षांनी, दुसऱ्याच मुलखात,
कुणी रात्री जागून पाहिलं तेव्हा कळलं:
फुगे नव्हेत, सापळे.
दार आत उघडतं, पाण्यासकट किडा ओढला जातो,
दार मिटतं.
जांभ्यावर खायला काही नसतं,
म्हणून.

मी सरांना म्हटलं, शास्त्राने ज्याला चुकून म्हटलं
ते खोडलेल्या ओळीत होतं की.
सर म्हणाले, योगायोग.
असेल.
ओळीलाही काही ठाऊक नसणार;
तिने फक्त हैबतीच्या बायकोचा शब्द
खरा धरला.
त्या बाईचं नाव मात्र
कारकुनाने लिहिलं नाही, साहेबानेही नाही.

रिटायर व्हायच्या आधीचा सप्टेंबर.
मेढ्याच्या शाळेची सहल, सड्यावर वारा असा
की माझी टोपी यवतेश्वराकडे निघालेली.
मुलींना गुडघ्यावर बसवून फूल दाखवलं,
नाव सांगितलं, मग सापळा सांगितला,
नेहमीच्या क्रमाने, नेहमीच्या आवाजात.
सानिका ढेबे नावाची एक, नाक वाहत होतं तिचं,
म्हणाली:
म्हणजे सीता रडत नव्हती?
भूक लागली होती तिला?

कोणी हसलं नाही.
सर भिंग पुसत राहिले, स्वच्छ होतं ते.
चौदा वर्षं वनात, मी मनात मोजलं,
रोज दोन वेळा,
आणि हिशोब लागेना.

परत आल्यावर चिठ्ठी केली,
डिंक लावून चारशे सतराला चिकटवली, पेन्सिलीने:
ढेबे, इयत्ता सहावी. प्रश्न.
सडा ओला. वारा पश्चिमेचा.
डिंक जरा जास्त झाला,
एका देठाला लागलाय.