एळु

अकरा वर्षं बेकिनकेऱ्याच्या डेअरीत
दुधाची फॅट माझ्या बोटाला लागायची.
म्हणजे मी बोट बुडवायचो, अंगठ्यावर चोळायचो,
जरा बल्बाकडं धरायचो, उगाच,
आणि वहीत लिहायचो : पाच आठ. सहा. पाच नऊ.
सहाच्या वर जाताना पेन जड व्हायचं.
कुणी शिकवलं नव्हतं.
चेअरमनच्या म्हशीपाशी मात्र तेच पेन
आपोआप हलकं.

नागव्वा यायची सगळ्यांच्या शेवटी,
तळ्याच्या पलीकडनं, किटलीच्या झाकणाखाली
केळीच्या पानाचा तुकडा दाबून, हिंदकळू नये म्हणून.
"किती लागली गा, लुमाण्णा?"
"सहा."
"बरं."
त्या 'बरं'ला वहीत रकाना नव्हता.

मग यंत्र आलं. जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं, करडं,
एक नळी दुधात, एक बाहेर.
हुक्केरीकडचा बसलिंग ते जोडत होता,
स्क्रूड्रायव्हर कानामागं अडकवून.
"मराठी नाही काय ह्यात?"
"इल्ला री. कन्नड आहे, इंग्लिश आहे."
"ऱ्हाऊ दे की मग कानडीच."
आकडे तर इथं म्हाताऱ्यांनासुद्धा शंभरापर्यंत येतात,
बाजारात भाव पाडताना लागतात म्हणून.

पहिल्या दिवशी चेअरमनचं दूध पाच चारवर थांबलं.
बसलिंगनं नळी झटकली, पुन्हा घातली. पाच चार.
कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या किटलीत बघितलं.

नागव्वाचं दूध शेवटी.
यंत्र गुरगुरलं, थांबलं, घसा खाकरल्यासारखं झालं,
आणि एक बाई आतनं स्वच्छ बोलली :
एळु पॉइंट एरडु.

"काय म्हटलं रे?"
तिला कळलं होतं. रांगेलाही कळलं होतं.
माझ्या तोंडून हवं होतं तिला.
"सात दोन."
ती 'बरं' म्हणाली नाही.
"परत एकदा घाल."
एळु पॉइंट एरडु.

आमच्याकडची कानडी अशी आहे
की एळु म्हणजे सात,
आणि एळु म्हणजे ऊठ.
मी खुर्चीवर बसलो होतो.
उठलो.
नळी धुवायला उठलो, असं सांगितलं लोकांना.

रात्री वही काढली. रोज चार लिटर,
एक पॉइंट, कधी सव्वा पॉइंट,
आषाढात म्हैस आटलेली ते महिने वजा.
तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलो,
पुढं बेरीज केली नाही.

आता तिच्या बटनाच्या फोनवर मेसेज येतो,
कानडी अक्षरांचे नुसते चौकोन चौकोन,
मधे आकडा तेवढा नीट उमटलेला.
नात वाचून दाखवते : चौकोन, चौकोन, सात एक, चौकोन.
ती कागदी चिठ्ठ्याही जपते, रबर लावून.
एक चिठ्ठी चंदगडकडच्या टेम्पोवाल्यापुढं धरली,
लिटरमागं दोन रुपये वाढवून मागितले.
त्यानं दिले.
संध्याकाळचं दूध तिकडं जातं आता, हद्दीपलीकडं,
आणि मी काय म्हणणार?

परवा सकाळी लाईट गेली. बॅटरीही बसलेली.
रांग तशीच उभी, दुधावर साय धरायला लागली.
नागव्वानं झाकण काढलं, पान बाजूला केलं
आणि हसून म्हणाली,
"आज बोट घाल की गा. सवयीचं हाय."
सगळे हसले. मीपण.
बुडवलं बोट. चोळलं अंगठ्यावर. बल्ब नव्हता,
दाराकडच्या उजेडाला धरलं.

अजून सहाच म्हणत होतं.

"थांबूया," म्हटलं, "येईल लाईट."
तिनं पान परत ठेवलं, झाकण दाबलं
आणि माझ्या खुर्चीवर बसली.