तव्याला धरलेलं

आमचं आडनाव मी.
अर्थ : तांदूळ.
वूवेइत भात खातं कोण? आम्ही पिढ्यान् पिढ्या गव्हावर पोसलेले.
शाळेत हजेरीच्या वेळी पोरं खिदळायची :
तांदळाच्या घरात कणकेचा डबा!

म्हणून असेल, मी शोधत बसलो.
संग्रहालयात एका थडग्यातली शिळा पाहिली.
मृताचं आडनाव मी, आणि मूळ गाव
समरकंदच्या दक्षिणेला, माइमुर्ग.
सोग्दी व्यापारी. उंटांवर कस्तुरी, चांदीची भांडी,
आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेले हिशेब.
इथल्या कारकुनाने विचारलं असणार, नाव काय,
आणि त्या लांबलचक गावाचा
एक घास तेवढा तोडून वहीत ठेवला.

नळीत थुंकलो. पाचशे नव्व्याण्णव युआन भरले.
दीड महिन्याने अहवाल आला, तो छापून
शनिवारी ह्वेइरू आत्याकडे गेलो.

आत्या कणीक तिंबत होती.
अर्धं पाणी उकळतं, अर्धं गार;
सगळंच गरम घातलं तर पारी रडते म्हणे.
सारणात मेंढीचं मटण, गाजर, कांदा,
आणि जिरं. जरा जास्तच जिरं.
मी त्या जिऱ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं.
"स्वस्त झालंय," आत्या म्हणाली.

तुर्फानच्या वाळूत, मी सांगू लागलो,
एका थडग्यात सापडली कणकेची चंद्रकोर,
हजार वर्षांहून जुनी, मुरड शाबूत.
"खायला कुणी उठलं नाही वाटतं," ती म्हणाली
आणि पुढची पारी लाटली.

क्वोथ्ये. म्हणजेच तव्याला धरलेलं.
मधोमध चिमटायचं, दोन्ही तोंडं उघडी ठेवायची,
एकमेकांना खेटून बसवायची, परगावच्या सराईत
थंडीच्या रात्री माणसं झोपतात तशी.
(ही उपमा माझी. आत्याने फक्त "सरक" म्हटलं.)
तेल. मग पिठूळ पाणी. मग झाकण.
तव्यात एकदम बाजार भरला.
"आता बोल. पाणी आटलं की मला ऐकावं लागतं."

मी अहवाल वाचला.
सोग्दी असा रकानाच नव्हता त्यात.
पश्चिमेचं म्हणून शून्य पूर्णांक काहीतरी,
तेही चुकभूल द्यावी घ्यावी.
"नसणारच," आत्या म्हणाली. आच बारीक केली.
"तुझे आजोबा मी नव्हतेच."

अठराव्या सालचा दुष्काळ. लोकांनी झाडांच्या साली दळल्या.
पुढच्या वर्षी गहू आला, पहिलं पीठ घरात आलं,
तेव्हा दारात एक पोर उभं होतं, पाचेक वर्षांचं.
नाव सांगता येईना. आईबाप कुठल्या रस्त्याला राहिले, तेही.
"आजीने सहा वाढली. संपली. पुन्हा सहा.
शेवटचं मुठीत धरून झोपलं ते.
सकाळी आजीने मूठ सोडवली नाही.
म्हणाली, एवढं पीठ संपवल्यावर
आता कुठे जातोय हा."

खळखळ थांबली होती. चुरचुर सुरू झाली होती.
आत्याने मान तिरकी केली, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी,
आणि झाकण काढलं. माझा चष्मा गेला.

दिसू लागलं तेव्हा
टेबलावर माझा अहवाल पसरलेला होता
आणि त्यावर क्वोथ्ये निथळत होती,
पालथी, खरपूस, बुडाला पिठाची जाळी.
टक्क्यांचे रकाने तेलाने काचेसारखे झाले होते;
त्यांतून खालच्या टेबलाचं लाकूड दिसत होतं.

एक तेवढं तव्यातच राहिलं होतं.
"दरवेळी एक राहतंच," आत्या म्हणाली,
उलथन्याने खरवडून काढलं. फाटलं. सारण सांडलं.
तिने ते हवेतच धरलं.
"कोण घेणार हे?"

तोंडात आधीच एक होतं, जीभ पोळलेली.
तसाच म्हणालो,
मी.