पेशी क्रमांक सत्तेचाळीस

सूक्ष्मदर्शक जर्मनीचा, लाईट परभणीची.
दर दहा मिनिटांनी एक फोटो,
आणि प्रत्येक फोटोत मी हिलाच शोधते:
वरून तिसरी, जराशी तिरकी,
यीस्टची पेशी,
भिजत घातलेल्या मटकीसारखी.

लांबी. रुंदी. हिरवा उजेड किती.
सरांना सरासरी हवी असते;
सरासरीत सगळ्याच शहाण्या.
शेजारणी दोनाच्या चार झाल्या,
ही रात्री सव्वादोनपर्यंत
नुसती बसून.
वॉचमन मुंजाजीमामा दारातून डोकावले,
"मॅडम, जित्ती हाय का ती?"
वहीत तसा रकाना नाही.

दोन चाळीसला लाईट गेली.
इन्व्हर्टरने आठ मिनिटं दम धरला,
मग पंखा हळूहळू गप्प,
आणि विद्यापीठाच्या ज्वारीतून टिटवी.

पावणेचारला पडदा उजळला,
तर हिच्या कुशीला मोड.
टपोरा, चांगला तासाभराचा.

सहा घरं रिकामी राहिली तक्त्यात.
सर म्हणतील, टाक भरून अंदाजाने.
मामांनी चष्मा सदऱ्याला पुसला,
पडद्याशी वाकून पाहिलं:
"अंधारातच मोकळी झाली म्हना की."

मी पेन्सिलीने लिहिलं:
दोन अठ्ठेचाळीस ते पावणेचार,
कधीतरी.