पाव पाव तास

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे चारचे तीन होतात.
सरकारी काम, एका झटक्यात उरकतं.
रेडिओवरची बाई म्हणते, आज एक तास जास्त झोपा.
तिच्याकडे गाई नसाव्यात.

माझ्याकडे अडतीस आहेत.
आणि कमरेला लावलेला, पत्त्यांच्या कॅटएवढा एक पंप,
ज्याला मी नेमून दिलंय कुठल्या तासाला किती इन्सुलिन:
मध्यरात्री बेताचं.
चारपासून दुप्पट, कारण तेव्हा यकृत
लवकर उठून भांडी आपटणाऱ्या सासूसारखं
न विचारता रक्तात साखर सोडू लागतं.
पाचला गोठा, म्हणून पाचला निम्मं.
संध्याकाळी मी नुसती बसलेली असते, तेव्हा सगळ्यात जास्त.

कुओपिओच्या नर्सनं सांगितलं होतं, सोपं आहे सायमी,
मेनूत जायचं, वेळ बदलायची, ओके दाबायचं.
एका मार्चमध्ये मी दाबलं.
एएमच्या जागी पीएम. एवढंसं अक्षर, आणि चष्मा खिडकीत.
पंपाला वाटलं, झाली संध्याकाळ,
बाई सोफ्यावर पाय पसरून बसली.
बाई तर दूध काढायच्या यंत्राचे पेले हातात घेऊन
गाईखाली वाकलेली, बाहेर वजा अकरा,
आणि हेलुनाला एकाएकी दोन कासा दिसू लागल्या. मग तीन.

भिंतीशी बिटाच्या काकवीची बादली होती, गाईंच्या खाद्यातली.
मी कोपरापर्यंत हात घातला
आणि गव्हाणीला टेकून चाटत बसले, बोट बोट, मनगट.
हेलुना बघत होती,
माझ्या वाट्याचं हे कोण खातंय, अशा नजरेनं.

ओस्मो काही बोलला नाही. ओस्मो बोलत नाही.
त्यानं उरलेल्या गाईंचं दूध काढलं,
माझा चिकट स्वेटर भिजत घातला.
सात महिन्यांनी, कॉफी ढवळता ढवळता म्हणाला,
गाईंना तू चार दिवस देतेस.

एवढंच.

देते ना. बुधवारी सव्वापाच, गुरुवारी साडेपाच,
शुक्रवारी पावणेसहा, शनिवारी सहा.
अख्खा तास एकदम ओढला तर कास तटतटते,
गाय लाथ झाडते, आणि चूक तिची नसते.
हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे.
मीही दुभतं नसले तरी जनावरच आहे,
हे मात्र कुणी सांगायला हवं होतं.

त्या बुधवारी गाईंबरोबर पंपही पंधरा मिनिटं मागे नेला.
चष्मा लावून. पुटपुटत. दोनदा तपासून.
स्वयंपाकघरात सात, कमरेला पावणेसात.
गुरुवारी टँकर घेऊन आलेल्या पेंटीनं विचारलं, किती वाजले?
मी म्हटलं, कुणाचे?
शुक्रवारी मलाच कळेना जेवायचं केव्हा,
कागदाच्या चिटोऱ्यावर वजाबाक्या, फ्रिजच्या दारावर चिटोरे.
शनिवारी मी साऱ्या फिनलंडच्या एक तास मागे होते,
मी आणि अडतीस गाई,
बर्फ पडायच्या बेतात असलेल्या एका छोट्याशा देशात.

रविवारी पहाटे चारचे तीन झाले.
फिनलंड आमच्यात आला.
मी काही दाबलं नाही.

जागीच होते. पहिले तीन पाहिले, दुसरेही पाहिले.
दोन्हींत फरक नव्हता, ओस्मो दोन्हींत घोरत होता.
आकडा सहा पूर्णांक दोन.
नवे चार वाजले, पंप कमरेशी हलकेच टिकटिकला,
आणि त्याच मिनिटाला गोठ्यातून हंबरडा आला.

हेलुना.
तिच्या हिशेबानं पाच.
बाकीच्या सदतीस निवांत रवंथ करत असणार,
पण तिला चार दिवस पुरत नाहीत, कधीच पुरले नाहीत.
दूध आत्ता काढणार नाही, नियम म्हणजे नियम.
तरी बूट चढवले.
जाऊन नुसती शेजारी बसते तिच्या, काकवीच्या बादलीपाशी,
तास होईपर्यंत.