धुरा

चक्कीच्या परवान्यासाठी मी
तालुक्याले सतरा वेळा गेली.
एक सही मिळे, तर दुसऱ्या साहेबाची बदली.
अठराव्या खेपेले बाबू म्हणे, बाई,
नवऱ्याले पाठवा.

त्या दिवशी यष्टीत बसून ठरवलं :
सरकार नावाच्या माणसानं
माह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नये.
दळण माह्यं, घाम माह्या,
पीठबी माह्याच नाकात.

मंग भादव्यात
सुनेले रात्री दोन वाजता कळा सुटल्या.
नाल्याले पूर, उपकेंद्रात लाईन गेलेली,
मडावी सिस्टर मोबाईलचा उजेड दातात धरून
नाळ कापत होती.
तिचा पगार कोण देते
मी त्या रात्री विचारलं नाही.
सकाळी हिशेब केला,
चार आणे माह्या चक्कीचेबी निघाले.

आता दळण ठेवून दोघं भांडतात.
गुणवंत म्हणते, माह्यं वावर, माह्यी संत्री,
बोरवेल मी हजार फूट नेईन, तुले काय?
देवकाबाई म्हणते, समद्या बोरवेलींले कुलूप लावा,
चावी पंचायतीत.
पंचफुलाबाई, तुमी कोणाकडच्या?

मी पट्टा चढवते.
चक्की सुरू झाली की कोणाचंच ऐकू येत नाही.

पण धुरा आठवते.
त्याच्या बापानं, माह्या सासऱ्यानं
दीड-दीड हात सोडलेला.
तिथून भाकरीचं टोपलं जाते,
तिथंच बोरी पिकते,
शाळेतले पोट्टे दगड मारतात,
कोणी रागवत नाही.
दरसाली नांगरताना गुणवंत एक तास कोरते.
मीबी कोरलं, खोटं काहून बोलू.
पारसाली धुरा एवढा निमुळता झाला
की गाभण शेळी मधातच उभी,
पुढंबी नाही, मागंबी नाही.

हिवाळ्यात मी दोरी घेऊन गेली.
गुणवंतानं आधी शिव्या दिल्या,
मंग दुसरं टोक धरलं.
देवकाबाई दुरून म्हणे, दोन बोटं वाकडी हाये.
हाये.

पाण्याले धुरा नाही, गुणवंता,
मी तेवढंच म्हटलं.
तो काही बोलला नाही.
मशीनवाल्याले इसार देऊन बसला हाये,
अजून बोलावलं नाही.

माह्या परवाना मार्चात संपते.
जाईन एकोणिसाव्यांदा.
घरच्या धंद्याले एवढ्या सह्या कायले, हे विचारीन,
अन् त्याच टेबलावर,
उपकेंद्रात बॅटरीचा दिवा काहून नाही,
हेबी.